अर्धवट आणि पुसट टपालशिक्का कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरातल्या जुन्या घरात एका ट्रंकेत व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांच्या काळातली सुटी तिकिटं आणि काही पाकिटं सापडली आहेत. बहुतेक शिक्के अर्धेच उमटले आहेत. एडवर्डच्या अर्ध्या आण्याच्या हिरव्या तिकिटावर गावाच्या नावाची शेवटची चार इंग्रजी अक्षरं वाचता येतात: ए, पी, यू, आर. हा कोल्हापूरचाच शिक्का धरायचा का, आणि बाकीचे कसे वाचायचे?

एवढ्यावरून कोल्हापूर धरू नका. ‘एपीयूआर’वर संपणारी आठ अक्षरी नावं इंग्रजीत आपल्याच मुलखात निदान चार आहेत: कोल्हापूर, सोलापूर (त्या काळच्या स्पेलिंगात ‘शोलापूर’), शहापूर आणि बदलापूर. विजापूर, म्हणजे तेव्हाचं ‘बिजापूर’, सात अक्षरी असूनही शेवट तोच. या पाचांतून एक कसं निवडायचं ते खाली सविस्तर सांगतो.

पण त्याआधी एक गोष्ट. पाकिटांवरची तिकिटं पाण्यात टाकून सोडवू नका. त्या काळच्या साध्या तिकिटाची रुंदी १९-२० मिलिमीटर आणि उंची २२-२३ मिलिमीटर. गोल शिक्क्याचा व्यास बहुधा २५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. म्हणजे नेम कितीही चांगला असला तरी पूर्ण शिक्का तिकिटावर मावत नाही, उरलेला भाग पाकिटावरच असतो. शिवाय पाकिटाच्या मागे मधल्या आणि पोचल्याच्या ठिकाणचे शिक्के असतात. पुढचा शिक्का अजिबात वाचता आला नाही तरी मागच्या तारखेवरून महिना आणि वर्ष नक्की होतं. पाण्यामुळे आणखी एक नुकसान होतं. लोखंडी किंवा पितळी शिक्का हाताने आपटलेला असतो, त्याचा दाब कागदात राहतो. शाई लागली नाही तिथेही अक्षराची खाच असते. तिकीट भिजवून, टीपकागदात दाबून वाळवलं की ती खाच सपाट होते, आणि जांभळी ॲनिलीन शाई तर पाण्यात सरळ विरघळते.

जोड शिक्का आणखी वेगळा. डाव्या बाजूला गाव-तारखेचं वर्तुळ, उजव्या बाजूला जाड रेघांचा ठसा, आणि दोन्ही एकाच दांड्याला. टपालवाला रेघांचा भाग तिकिटावर आणि तारखेचा भाग पाकिटावर पडेल असाच मारायचा, कारण तारीख स्वच्छ कागदावर वाचता यावी आणि तिकीट पक्कं बाद व्हावं. अशा सुट्या तिकिटावर गावाचं नाव शोधण्यात वेळ घालवू नका, ते तिथे नव्हतंच. रेघांच्या मध्ये अक्षर किंवा आकडा असेल तर तो मात्र नीट टिपून ठेवा. १८५० आणि ६० च्या दशकांतल्या शिक्क्यांवर ऑफिसचा नंबरच असायचा. त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे सिंगापूरचा ‘बी १७२’. तिथलं पोस्ट तेव्हा भारतीय टपाल खात्याखाली होतं.

शिक्क्याला हात घालण्याआधी तिकिटाकडून काळाची खालची मर्यादा काढा. ‘ईस्ट इंडिया’ लिहिलेलं तिकीट १८८२ च्या आधीच्या छपाईचं, ‘इंडिया पोस्टेज’ त्यानंतरचं. एडवर्डची तिकिटं १९०२ पासून, पंचम जॉर्जची १९११ पासून. जॉर्जचं एक आण्याचं तिकीट लाल असेल तर आधीचं, चॉकलेटी असेल तर १९२२ किंवा त्यानंतरचं. कागदात एकच तारा दिसत असेल तर जुनी छपाई. अनेक तारे दिसत असतील तर १९२६ पासूनची, नाशिकची. ही मर्यादा खूप कामाला येते. जयसिंगपूर हे गावच विसाव्या शतकात वसलेलं, त्यामुळे राणीच्या तिकिटावर ‘सिंगपूर’ असा तुकडा दिसला तर जयसिंगपूरची शक्यता अगदी कमी.

आता बघण्याकडे येऊ. सोनार वापरतात ते दहापट भिंग घ्या. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनारकामाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतं. कॉम्प्युटर लावण्याआधी तिकीट काळ्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि खोली अंधारी करून छोटी टॉर्च अगदी आडवी, कागदाला जवळपास टेकवून धरा. टॉर्च हळूहळू तिकिटाभोवती फिरवा. एका दिशेने न दिसणारी उभी रेघ दुसऱ्या दिशेने सावली टाकते. तिकिटाची मागची बाजूही अशीच पाहा. जोरात बसलेल्या शिक्क्याचा उठाव मागे जास्त स्पष्ट असतो, फक्त तो उलटा वाचावा लागतो.

मग स्कॅन. १२०० डीपीआय, पूर्ण रंगात, टिफ किंवा पीएनजी स्वरूपात. स्कॅनरचं आपोआप शार्प करणं, धूळ काढणं, रंग सुधारणं, सगळं बंद. ही सोय अक्षरांच्या कडांना खोट्या रेघा जोडते. तिकिटामागे काळा कागद ठेवा, म्हणजे पांढऱ्या झाकणाचा उजेड आरपार येऊन शिक्का फिका पडत नाही आणि तिकिटाच्या कडेचे दातेही स्वच्छ दिसतात. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की डिंक असलेलं तिकीट वळतं. स्वस्त, चपट्या स्कॅनरचा फोकस काचेला टेकलेल्या भागापुरताच असतो, वळलेला कोपरा अस्पष्ट येतो. तिकीट आदल्या रात्री जाड पुस्तकात कोऱ्या कागदांमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी स्कॅन करा. काचेवर वजन ठेवून दाबू नका.

यानंतरचं काम सर्वांत जास्त फळ देतं: तिकिटाचा रंग काढून फक्त शिक्का उरवायचा. गिम्प हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात ‘डीकंपोज’ करून चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर वेगळे करा. नियम सोपा आहे: तिकिटाचा जो रंग, तोच थर बघा. लाल तिकीट लाल थरात जवळपास पांढरं होतं आणि काळा शिक्का काळाच राहतो. तुमच्या हिरव्या अर्ध्या आण्यासाठी हिरवा थर. चॉकलेटी एक आणा लाल थरात उजळतो, इतर दोन थरांत तिकीट आणि शिक्का दोन्ही काळे दिसतात. राणीच्या निळ्या अर्ध्या आण्याला निळा थर लागतो, पण तिथे एक अडचण आहे. जुना पिवळा पडलेला कागद निळ्या थरात गडद दिसतो आणि डाग वर येतात. डागाची रेघ अक्षर समजू नये म्हणून तीच जागा लाल थरातही तपासा. खरी काळी शाई तिन्ही थरांत काळी असते, डाग तसा नसतो.

एवढ्यावर भागलं नाही तर इमेज-जे या मोफत प्रोग्रॅममध्ये डी-स्ट्रेच नावाची जोड मिळते. ती गुहांतली पुसट चित्रं पाहण्यासाठी केलेली आहे, पण जवळजवळ सारख्या दोन रंगांत फरक पाडण्याचं तिचं काम इथेही चालतं. त्याच्या पलीकडे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, फोटो. काजळीपासून केलेली काळी शाई इन्फ्रारेडमध्ये काळीच राहते आणि तिकिटाचे बरेच रंग विरून जातात, त्यामुळे गडद तिकिटावरचा काळा शिक्का अचानक मोकळा दिसतो. मोबाइलचा कॅमेरा इन्फ्रारेड पकडतो का ते बघायला टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर दिवा चमकला तर थोडं तरी पकडतो, पुढचा कॅमेरा बहुधा जास्त. शिक्का जांभळा किंवा रंगीत ॲनिलीन शाईचा असेल तर इन्फ्रारेडमध्ये तोच नाहीसा होतो, हेही ध्यानात असू द्या.

आता मुख्य भाग. अक्षरं ओळखण्याच्या मागे लगेच लागू नका, आधी वर्तुळ मोजा. १२०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे ४७.२ पिक्सेल. कोणी मापाशिवाय फोटो पाठवला असेल तर दात्यांवरून माप काढता येतं. राणी, एडवर्ड यांच्या साध्या तिकिटांचे दाते १४ मापाचे असतात, म्हणजे १४ छिद्रांत २० मिलिमीटर. वर्तुळाचा तुकडाच दिसत असेल तर शाळेतली भूमिती वापरा. कंसाच्या दोन टोकांना जोडणारी जीवा मोजा आणि तिच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची मोजा. जीवेचा वर्ग भागिले उंचीची आठपट, त्यात उंचीचा निम्मा मिळवा, ही त्रिज्या. जीवा १६ आणि उंची २.९ मिलिमीटर आली तर त्रिज्या साधारण १२.५, व्यास २५. पण उंची मोजताना ०.२ मिलिमीटरची चूक झाली तर व्यास दीड मिलिमीटरने हलतो. म्हणून हिशेबाच्या जोडीला पारदर्शक कागदावर २० ते ३५ मिलिमीटर व्यासाची वर्तुळं एकेका मिलिमीटरच्या फरकाने छापून घ्या आणि ती स्कॅनवर ठेवून जुळवा. जाड रेघेच्या बाहेरच्या कडेवरून मोजायचं की आतल्या, हे एकदा ठरवा आणि नेहमी तसंच मोजा.

केंद्र सापडलं की उभी रेषा काढा. तारखेची ओळ आडवी धरून तिला लंब, केंद्रातून वर. गावाचं नाव या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं पसरलेलं असतं. आता तुमच्या तिकिटासारखा नमुना घ्या. शेजारच्या दोन अक्षरांमध्ये केंद्रापाशी १८ अंशांचं अंतर आहे, आणि शेवटचं ‘आर’ उभ्या रेषेच्या उजवीकडे ६३ अंशांवर. मग पहिलं अक्षर डावीकडे ६३ अंशांवर असणार. एकूण १२६ अंश, भागिले १८, म्हणजे सात अंतरं आणि आठ अक्षरं. अक्षरांच्या जागा डावीकडे ६३, ४५, २७, ९ आणि उजवीकडे ९, २७, ४५, ६३. ‘ए’ उजवीकडे ९ अंशांवर पडतो. बिजापूर असतं तर सातच अक्षरं असती आणि ‘ए’ बरोबर माथ्यावर आला असता. इस्लामपूरही इंग्रजीत आठ अक्षरी, पण त्याच्या पाचव्या जागी ‘एम’ येतो. जबलपूरच्या तिथे ‘एल’, बिलासपूरच्या ‘एस’. पाचव्या जागी ‘ए’ ठेवणारी आपल्याकडची म्हणजे सुरुवातीला दिलेली चार.

या चारही नावांचा उजवा अर्धा भाग अगदी एकच आहे. तो कितीही सुंदर उमटला असला तरी त्यातून काही ठरत नाही. निर्णय डावीकडे ९ अंशांवरच्या चौथ्या अक्षरावर आहे: कोल्हापूर आणि शहापूर यांचा ‘एच’, शोलापूर आणि बदलापूर यांचा ‘एल’. वर्तुळातल्या अक्षरांचं डोकं बाहेर आणि पाय केंद्राकडे असतो. म्हणून ‘ए’च्या लगेच डावीकडे, बाहेरच्या कडेजवळ पाहा. ‘एच’चा उजवा खांब डोक्यापासून पायापर्यंत जातो, त्यामुळे बाहेरच्या टोकालाही शाई सापडते. ‘एल’ला तिथे काही नाही, त्याची रेघ फक्त पायाशी, केंद्राच्या बाजूला. ‘एच’ निघाला तर डावीकडे २७ अंशांवर जा. तिथे ‘एल’ म्हणजे एक सरळ खांब आणि उजवीकडे पाय, तर शहापूरचा ‘ए’ म्हणजे बाहेर टोक असलेल्या दोन तिरक्या रेघा. कोल्हापूर की शहापूर हे या एका अक्षरावर ठरतं. शहापूरला हलकं घेऊ नका. बेळगावला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं होतं आणि व्यापाराची पेठ म्हणून ओळखलं जायचं. कोल्हापूरच्या घरात तिथलं पत्र येणं अगदी साहजिक.

यात एक फसगत नेहमी होते. तारखेचे खिळे, म्हणजे अक्षर-आकड्यांचे सुटे ठसे, शिक्क्यात वेगळे बसवलेले असतात आणि तो भाग सैल झाला की थोडा फिरतो. उभी रेषा ९ अंशांनी चुकली की अक्षरांची संख्या एकाने चुकते आणि कोल्हापूरचं विजापूर होतं. म्हणून खालच्या बाजूला नक्षी, ठिपका किंवा दुसरा मजकूर असेल तर त्यावरूनही उभी रेषा तपासा. शिवाय ‘आय’ आणि ‘जे’ अरुंद, ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ रुंद. अशी अक्षरं असलेल्या नावांत अंतर एकसारखं नसतं.

वळणावरची अक्षरं वाचायला त्रास होत असेल तर गिम्पमधल्या ‘पोलर कोऑर्डिनेट्स’ने वर्तुळ उलगडून सरळ पट्टी करता येते. त्यासाठी शिक्क्याचं केंद्र चित्राच्या बरोबर मध्यावर हवं. वर्तुळाची रेघ सरळ न येता लाटेसारखी वर-खाली झाली तर केंद्र चुकलंय असं समजा आणि पुन्हा हलवा. ही लाट म्हणजे केंद्राचा फुकट मिळालेला पुरावा आहे.

मग कच्च्या रेघांचा नकाशा करा. स्कॅनवर नवा थर घेऊन ज्या रेघा खात्रीने दिसतात त्या लाल, ज्या वाटतात त्या निळ्या. तुटलेली रेघ मनाने जोडू नका. त्यानंतर प्रत्येक उमेदवार नाव त्याच व्यासाच्या कंसावर टाइप करून वर ठेवा. इथे एक फरक कधीही विसरू नका. खात्रीची लाल रेघ जिथे त्या नावात काहीच नसायला हवं तिथे आली, तर ते नाव बाद. पण नावातली एखादी रेघ शिक्क्यात दिसत नाही म्हणून नाव बाद होत नाही, कारण तिथे कदाचित शाईच लागली नसेल. आजूबाजूचा भाग दाट उमटलेला असेल तरच त्या रिकाम्या जागेला अर्थ आहे.

शाई कशी चुकली आहे ते कळलं की बरीच अक्षरं आपोआप उलगडतात. शाई जास्त झाली की ‘ए’, ‘ओ’, ‘पी’, ‘आर’, ‘बी’, ‘डी’ यांची पोटं भरतात आणि ‘पी’, ‘आर’, ‘बी’ एकसारखे दिसतात. तिथे पोटाकडे न बघता पायाकडे बघा. ‘पी’ला एकच पाय, ‘आर’ला दोन, ‘बी’चा पाया बंद. शाई कमी असली किंवा गादी कडक झाली असली की फक्त कडा उमटतात आणि एका जाड खांबाच्या दोन बारीक रेघा होतात. शिक्का तिरका बसला की एक बाजू दाट आणि समोरची गायब. हात घसरला की प्रत्येक रेघ दुहेरी येते. तिथे दोन रेघांमधलं अंतर आणि दिशा सगळीकडे सारखी असते, एवढ्यावरून खरी आणि सावलीतली रेघ वेगळी काढता येते.

तारखांबद्दल थोडं. राणीच्या काळातल्या अनेक शिक्क्यांत महिना दोन इंग्रजी अक्षरांत असतो. मार्चचा ‘एमआर’ आणि मेचा ‘एमवाय’ शाई भरल्यावर गोंधळतात. जानेवारी ‘जेए’, जून ‘जेयू’ आणि जुलै ‘जेवाय’ यांचंही तेच. खिळे हाताने बसवायचे, त्यामुळे ते उलटे बसलेले सापडतात. ८६ उलटा केला की ९८ होतो, ९१ चा १६. आठाचं लहान पोट खाली गेलं असेल तर खिळा उलटा आहे. ९१ की १६ हे तिकिटावरूनच कळतं: राणीचं तिकीट १८९१ कडे बोट दाखवतं, जॉर्जचं १९१६ कडे.

राणी, एडवर्ड आणि जॉर्जच्या तिकिटांवर ‘ऑन एच. एम. एस.’ किंवा ‘सर्व्हिस’ असं काळं छापलेलं असेल तर तो शिक्का नाही. ती सरकारी कामाची छपाई, आणि ती प्रत्येक तिकिटावर जवळपास त्याच जागी असते. नकाशा करताना ती आधी वगळा, नाहीतर तिच्यातलं ‘एच’ तुमच्या कोल्हापूरला पुरावा म्हणून चिकटेल. ट्रंकेत ‘कोल्हापूर स्टेट’ असं लिहिलेली तिकिटंही असू शकतील. संस्थानची स्वतःची टपाल तिकिटं नव्हती. ती कोर्ट फी किंवा रेव्हेन्यूची. त्यांच्यावर पेनाच्या रेघा, छिद्रं आणि कचेरीचे शिक्के मिळतात, त्यांना टपालाचे नियम लावू नका. पेनाची जुनी शाई पुसून गेली असेल तर ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च लावून पाहा. लोखंडाच्या शाईची रेघ तिथे गडद उठते.

स्वातंत्र्यानंतरचे शिक्के तुलनेने सोपे. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही असतात, आणि देवनागरीची शिरोरेषा शब्दाची लांबी सरळ दाखवते. शहराचं नाव हिंदी पद्धतीने ऱ्हस्व ‘पु’ घेऊन ‘कोल्हापुर’ असं येतं, त्यामुळे दीर्घ उकाराची वाट बघू नका. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. ४१६ ने सुरू होणारा तुकडा कोल्हापूर, सांगली किंवा सिंधुदुर्गाकडे नेतो.

एकाच ऑफिसचे दोन-तीन अर्धवट शिक्के असतील तर ते एकत्र करा. प्रत्येकाचं केंद्र आणि उभी रेषा जुळवून थर एकमेकांवर ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने ठेवा. एकावर डावा भाग, दुसऱ्यावर उजवा, असं पूर्ण वर्तुळ तयार होतं. मात्र ते खरंच एकाच शिक्क्याचे आहेत याची खात्री वर्तुळाच्या रेघेतल्या खाचेवरून किंवा एखाद्या मोडक्या अक्षरावरून आधी करा. दोन वेगळे शिक्के मिसळले तर कधीच नसलेलं गाव तयार होतं.

मोबाइलवरची ‘फोटो स्पष्ट करणारी’ एआय ॲप या कामासाठी अजिबात वापरू नका. ती पुसट जागी अक्षर शोधत नाहीत, शोभेल असं अक्षर भरतात, आणि एकदा ते दिसलं की डोळा दुसरं काही मानत नाही. व्हॉट्सॲपवर कोणाला दाखवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो आकुंचन पावतो आणि बारीक रेघा विरतात. शिक्का गडद करण्यासाठी तिकिटावर पेन्सिल, शाई किंवा कुठलंही रसायन लावू नका. तसं केलेलं तिकीट जाणकाराच्या हातात गेलं की बनावट ठरतं.

जुन्या स्पेलिंगांसाठी करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २४ वा खंड, १८८६ चा, कोल्हापूरवरच आहे आणि त्या काळी आपली गावं इंग्रजीत कशी लिहायचे ते त्यात सापडतं. डाक खात्याने वेळोवेळी छापलेल्या पोस्ट ऑफिसच्या याद्या मिळाल्या तर त्याहून चांगलं. कोल्हापूरचं ‘कोलापोर’ असंही जुनं रूप आहे. त्यात अक्षरं आठच, पण शेवट ‘ओआरई’.

वहीत नोंद करताना वाचलेलं आणि ताडलेलं वेगळं लिहा: वर्तुळाचा व्यास, शाईचा रंग, खात्रीची अक्षरं सरळ, अंदाजाची चौकटी कंसात, न दिसणाऱ्या प्रत्येक अक्षरासाठी एक टिंब. तुमच्या अर्ध्या आण्याची आजची नोंद ‘चार टिंबं, मग एपीयूआर’ एवढीच होते. चौथ्या जागी ‘एच’ आणि तिसऱ्या जागी ‘एल’चा पाय सापडला तर ती कोल्हापूर म्हणून पक्की होईल. तिकीट नेमकं तिथेच संपत असेल तर चारही नावं नोंदीत तशीच राहू द्या आणि ट्रंकेतल्या पाकिटांवर त्याच व्यासाचा दुसरा शिक्का शोधा.